नाईलकांठचें अंजन

तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत काजळ घालावें कीं घालूं नये, या प्रश्नावरून सासूबाई व सूनबाई यांच्यांत थोडीशी कुरबूर झाली नाहीं असें घर क्वचितच सांपडेल. सासूबाई म्हणतात, काजळानें डोळे निवतात. सूनबाई म्हणतात, डॉक्टरांनीं स्पष्ट नको म्हणून सांगितलें आहे. या वादांत आम्ही एकदम पंच होऊन बसत नाहीं. ज्यांनीं डोळ्यांत अंजन घालण्याचा प्रघात तीन हजारांहून अधिक वर्षें चालविला, त्या प्राचीन इजिप्तच्या लोकांची हकीकत प्रथम ऐकावी व मग निकाल द्यावा, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.

इजिप्तमधील कोणतेंही जुनें चित्र पाहिलें, तर प्रथम नजरेंत भरतात ते डोळे. पापण्यांच्या कडेनें ठळक काळी रेघ ओढलेली असून ती कानाच्या दिशेनें लांबवर नेलेली असते. इ. स. १९१२ मध्यें अमार्ना येथील उत्खननांत सांपडलेला व आतां बर्लिनमध्यें असलेला राणी नेफरटिटीचा अर्धपुतळा हें याचें प्रसिद्ध उदाहरण होय. परंतु अंजन हें राण्यांचेंच लेणें होतें असें कोणीं समजूं नये. स्त्रिया व पुरुष, धनिक व सामान्य जन, सर्वच तें वापरीत. देवांच्या मूर्तींसही पूजेच्या वेळीं तें अर्पण करीत.

हें अंजन मुख्यतः दोन प्रकारचें होतें. हिरवें अंजन मॅलाकाइट नांवाच्या तांब्याच्या खनिजापासून करीत. काळें अंजन गॅलिना या, शिसें व गंधक यांच्या संयोगानें बनलेल्या, चकचकीत खनिजापासून करीत व त्यास 'मेस्देमेत' म्हणत. आरंभींच्या काळांत हिरव्याचा मान मोठा होता. पुढें काळ्यानें त्यास मागें टाकलें. हें खनिज दगडी सहाणेवर वाटून त्याची पूड नळींत किंवा कुपींत भरून ठेवीत व सळईनें डोळ्यांस लावीत. अशा सहाणा इ. स. पूर्वीं ४००० च्या सुमाराच्या थडग्यांतूनही मिळाल्या आहेत. राजा नार्मेर याच्या विजयाची जी सुप्रसिद्ध शिळा इ. स. पूर्वीं ३१०० च्या सुमाराची म्हणून मानतात, तीही घाटानें अशी सहाणच आहे. तिच्या एका बाजूस अंजन वाटण्याची वाटोळी खळगी कोरलेली आहे. राजाचा पराक्रम कोरण्यासाठीं ज्यांनीं सहाण निवडली, त्यांच्या घरीं अंजनाची प्रतिष्ठा केवढी असेल!

काळें खनिज सर्वत्र मिळत नसे. तांबड्या समुद्राच्या कांठीं गेबेल झैत येथें त्याच्या खाणी होत्या; शिवाय तें परदेशांतूनही येई. बेनी हसन येथें ख्नुमहोतेप नांवाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यांत एक भित्तिचित्र आहे. इ. स. पूर्वीं १८९० च्या सुमारास ३७ परदेशी लोकांचा तांडा मेस्देमेत घेऊन आल्याचा प्रसंग त्यांत रंगविलेला असून, तशी नोंदही तेथें लिहिलेली आहे.

एवढा खटाटोप केवळ रूप खुलविण्यासाठीं होता काय? तसें नव्हतें. नाईलच्या खोऱ्यांत ऊन प्रखर, धूळ अपार आणि माशांचा उपद्रव मोठा. त्यामुळें डोळ्यांचे विकार फार. इ. स. १७९८ मध्यें नेपोलियनचें सैन्य त्या देशांत उतरलें, तेव्हां त्यांतील पुष्कळ शिपायांना नेत्ररोगानें गांठलें होतें. इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमारास लिहिलेला 'एबर्स पपायरस' हा वैद्यकग्रंथ आतां लाइपझिग येथें आहे. त्यांतील नेत्रविकारांवरील औषधपाठांत मेस्देमेत वारंवार येतें. तसेंच 'मृतांचा ग्रंथ' म्हणून जो प्रसिद्ध आहे, त्यांत परलोकींच्या न्यायसभेपुढें जातांना शुभ्र वस्त्र नेसावें व डोळ्यांत काळें अंजन घालावें, असें सांगितलें आहे. म्हणजे शृंगार, औषध व शुचिता या तीन गोष्टी त्या लोकांच्या मनांत एकमेकींपासून वेगळ्या नव्हत्या.

यांत औषधाचा भाग खरोखर किती होता, हें तपासण्याचा यत्न आपल्या काळांत झाला आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत जुनें अंजन अद्याप शिल्लक असलेल्या कुप्या आहेत. फिलिप वाल्टेर व त्यांचे सहकारी यांनीं त्यांचें पृथक्करण करून इ. स. १९९९ मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध केले. गॅलिनाखेरीज त्यांत लॉरिओनाइट व फॉसजेनाइट हे शिशाचे दोन पांढरे क्षार आढळले. निसर्गांत हे इतके दुर्मिळ आहेत कीं, ते मुद्दाम तयार केलेले असले पाहिजेत. मुर्दाडशिंग व मीठ पाण्यांत कालवून, रोज पाणी बदलीत, कित्येक आठवडे ही क्रिया चालवावी लागते. इ. स. २०१० मध्यें याच मंडळींनीं आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्या क्षाराचा अत्यल्प अंश मानवी त्वचेच्या पेशींस मिळाला असतां त्या नायट्रिक ऑक्साइड अधिक निर्माण करतात, व त्या द्रव्यानें शरीराची रोगप्रतिकाराची यंत्रणा जागी होते, असें त्यांना दिसून आलें. तेव्हां इजिप्तच्या वैद्यांचें ज्ञान अगदींच पोकळ नव्हतें. सासूबाईंच्या बाजूचा पुरावा तो हा.

आतां सूनबाईंची बाजू. तो प्रयोग प्रयोगशाळेंतील पेशींवर झाला. जिवंत बालकाच्या डोळ्यांवर नव्हे. शिसें हें विष आहे. तें शरीरांत सांचत जातें व वाढत्या मुलाच्या मेंदूस विशेष अपाय करतें. शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे असें सांगतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना बजावते. मूल डोळे चोळतें व तोच हात तोंडांत घालतें, हें कोणत्या आईस ठाऊक नाहीं?

आपल्याकडेही अंजनाची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेंत सौवीरांजन नित्य वापरण्यास सांगितलें आहे. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. तांब्याच्या ताटलीवर एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्याची काजळी धरून घरीं जें काजळ करीत, तें मुख्यतः काजळीच. त्यांत गॅलिना नसतें. बाजारांतील सुरम्यांत मात्र शिसें आढळल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. आणि घरचें काजळ झालें तरी, अस्वच्छ बोटानें तें डोळ्यांत भरलें असतां जंतु आंत जाण्याचें भय राहतेंच.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, पूर्वजांच्या रूढीस खुळचटपणा म्हणून हंसूं नये, आणि ती जुनी आहे एवढ्यावरून तिला बिनधोकही मानूं नये. ज्यांनीं आठवडेच्या आठवडे पाणी बदलून आपलें अंजन सिद्ध केलें, त्यांचा खरा वारसा अंजनांत नसून त्या निरीक्षणांत व चिकाटींत आहे. सासूबाईंनीं नातवाच्या गालावर हौसेनें तीट लावावी. सूनबाईंनीं त्याचे डोळे स्वच्छ पाण्यांत भिजविलेल्या कापसानें पुसावे. मुलाची दृष्टि निर्मळ राहावी, हीच दोघींची इच्छा. मग वाद उरतो कोठें?