भाकरी फुगते, टाकी गारठते

आज आपण घन, द्रव आणि वायू यांच्याविषयी बोलणार आहोत. शाळेतला धडा म्हणून रेडिओ बंद करू नका. सोलापूरकडच्या बाईला हा विषय रोज तव्यावर भेटतो.

ज्वारीची भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, की टम्म फुगते. आत हवा कुठून शिरली? ती हवा नसतेच, पिठातल्या पाण्याची वाफ असते. एक चमचा पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे चमच्यांहून जास्त जागा लागते, म्हणून पापुद्रा उचलला जातो. पाण्याचे कण काही मोठे होत नाहीत बरं का! कण तेच, तेवढेच. त्यांच्यातलं अंतर वाढतं.

असं समजा. कीर्तनाला मांडवात दाटीनं बसलेल्या बाया जागा सोडत नाहीत, पण बसल्या जागी डोलतात. घन पदार्थातले कण असे. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत खांद्याला खांदा लागलेला असतो, तरी गर्दी सरकते, वाट मिळेल तिकडे वळते. तो द्रव. आणि शाळा सुटल्यावर मैदानात चौफेर धावणारी पोरं म्हणजे वायू. उष्णता मिळाली की कणांची धावपळ वाढते. थंडीत गोठलेलं खोबरेल उन्हात पातळ होतं ते यामुळंच.

आता गॅसच्या टाकीकडे येऊ. टाकी हलवली तर आत डुचमळतं, कारण आत मुख्यतः द्रव असतो. प्रोपेन आणि ब्युटेन हे वायू दाबून पातळ केलेले असतात. शेगडीची चावी फिरवली की वरचा वायू बाहेर पडतो, दाब उतरतो आणि खालचा द्रव उकळून नवा वायू होतो. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू! टाकी काठोकाठ भरत नाहीत. उन्हानं द्रव फुगला तर जागा हवी ना. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42-43 च्या घरात जातो, म्हणून टाकी अंगणात तापत ठेवू नये.

बचत गटाला कडक भाकरीची मोठी ऑर्डर आली, की मोठी शेगडी तासन्तास चालते. मग टाकीला घाम सुटतो, कधी खालच्या बाजूला पांढरा बर्फही धरतो आणि ज्योत बारीक होते. द्रवातल्या कणांना एकमेकांची ओढ सोडून सुटायला उष्णता लागते. ती ते उरलेल्या द्रवातून आणि टाकीच्या पत्र्यातून घेतात. माठातलं पाणी झिरपून गार होतं, तोच हा प्रकार. द्रव गारठला की वायू कमी तयार होतो.

इथंच धोका आहे. गॅस संपला समजून कुणी टाकी आडवी करतं, कुणी उकळतं पाणी ओततं, कुणी ती शेगडीजवळ ओढतं. आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रवच नळीत येतो, त्याचा अडीचशे पट वायू होतो आणि जाळ भडकतो. त्यापेक्षा शेगडी बंद करून टाकीला तिची ती गरम होऊ द्या. नेहमीचंच काम असेल तर 19 किलोच्या दोन व्यावसायिक टाक्या एजन्सीच्या माणसाकडून एकत्र जोडून घ्या. दोघींवर भार वाटला जातो. घरची 14.2 किलोची टाकी धंद्याला वापरायला परवानगी नाहीच.

आणखी एक. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. उंबरा उंच असेल तर आतच साचतो. खाली बसून भाकऱ्या भाजायची आपली सवय, म्हणजे जाळही जमिनीलगतच. म्हणून टाकी उभी जमिनीवर आणि शेगडी तिच्यापेक्षा उंच कट्ट्यावर हवी. बसून भाजणाऱ्या बायांना उभं राहणं जड जातं, हे आम्हाला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी उंच स्टूल केलं तरी चालेल.

या वायूला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून कुजका वास मुद्दाम मिसळतात. तो आला तर चूल, दिवा, उदबत्ती विझवा, रेग्युलेटर बंद करा आणि दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. दोन्ही वेळा ठिणगी पडते. पोराबाळांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच 1906 ला फोन लावा. तो रात्रंदिवस चालू असतो.