नाही म्हणण्याचा अधिकार – लेखांक ५ : सहीही नाही, नकारही नाही

गेल्या आठवड्यात सुरक्षा परिषदेतल्या पाच कायम सदस्यांचा नकाराधिकार पाहिला. न्यूयॉर्क राहू द्या. चांदूर रेल्वेच्या नगर परिषदेपुरता नकाराधिकार अमरावतीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आहे.

नगर परिषदांचा रिवाज ठरलेला. सर्वसाधारण सभेत विषय निघतो, हात वर होतात, सूचक-अनुमोदकांची नावे प्रोसिडिंगात चढतात. सत्ताधारी गट चहा पिऊन मोकळा होत नाही तोच विरोधी नगरसेवकांचा अर्ज अमरावतीला पोचलेला असतो. मग आवारात ऐकू येते, ‘‘कलेक्टरनं तीनशे आठ लावलं ना भाऊ!’’

हे ३०८ म्हणजे महाराष्ट्र नगर परिषद कायदा, १९६५ मधले कलम. ठराव बेकायदेशीर आहे, लोकहिताविरुद्ध आहे किंवा त्याने शांतता भंगेल, असे जिल्हाधिकाऱ्यांचे मत झाले तर ते त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. लोकांनी निवडून दिलेल्यांचा ठराव नेमलेल्या अधिकाऱ्याने रोखावा, हे मनाला खुपतेच. तरी या नकाराची एक बाजू मला आवडते. तो लेखी द्यावा लागतो, सहीनिशी, आणि कारणे नोंदवून. कारण कागदावर आले की त्याच्याशी भांडता येते; वरिष्ठांकडे जाता येते, कोर्टात जाता येते.

खरी पंचाईत मुक्या नकाराची. नोव्हेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विधान परिषदेसाठी १२ नावे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. होकार आला नाही, नकारही आला नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य असल्याचे सांगितले. राज्यपालांना आदेश मात्र देता येत नव्हता. यादी तशीच पडून राहिली आणि सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये नव्या सरकारने ती मागे घेतली. एकदाही ‘नाही’ न म्हणता १२ जागांचा निकाल लागला.

राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी हेच केले होते. लोकांची पत्रे उघडण्याची सरकारला मुभा देणाऱ्या १९८६ च्या टपाल विधेयकावर त्यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. तेव्हा अनेकांनी त्यांना दुवा दिला, आणि विधेयकही त्याच लायकीचे होते. पण त्या मौनाची सवय लागली की चांगले-वाईट कोण निवडणार?

तमिळनाडूच्या राज्यपालांनी अडवलेली १० विधेयके सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी ८ एप्रिल २०२५ ला संमत झाली असे मानले आणि मुदतीही आखून दिल्या. त्यावर राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांना २० नोव्हेंबरला पाच न्यायाधीशांनी उत्तर दिले. खंडपीठाचे प्रमुख होते आपल्या अमरावतीचे, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई. (त्यांचे वडील रा. सू. गवई बिहार आणि केरळचे राज्यपाल होते. म्हणजे राजभवनाची बाजू घरातच पाहिलेली.) खंडपीठातले आणखी एक न्यायाधीश अतुल चांदूरकर. आडनावाने इकडचे कान टवकारले असतील, पण वऱ्हाडात चांदूर एकच नाही.

खंडपीठाने सांगितले, की राज्यपालांना विधेयक नुसते दाबून ठेवता येणार नाही. मान्य नसेल तर परत पाठवा किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवा. मात्र न्यायालय मुदत घालू शकत नाही आणि सहीविना विधेयक संमत झाले असेही धरता येत नाही. विनाकारण फार काळ गप्प बसल्यास ‘निर्णय घ्या’ एवढेच न्यायालय सांगू शकेल. निर्णय कोणता, हे नाही. मला हे उत्तर अर्धवट वाटते. मुदत नसलेल्या कामाला ‘फार काळ’ कधी झाला, हे ठरवायला पुन्हा कोर्टाचीच पायरी चढावी लागणार.

महाराष्ट्रात २००५ चा दफ्तर दिरंगाईचा कायदा आहे. त्यानुसार सरकारी कर्मचाऱ्याला एखादी फाइल साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपलीकडे आपल्या टेबलावर ठेवता येत नाही. हा नियम तहसीलमधल्या कारकुनाला लागू आहे, राज्यपालांना नाही.