का बरं? : बिडी सोडल्यावर तिसरा दिवस जड का जातो?

धडगावच्या बाजारातून बिडीबंडल न घेता परतलेला माणूस पहिला दिवस कसाबसा निभावतो. पुढचे दोन दिवस मात्र चिडचिड, डोकं भणभणतं, झोप उडते. घरचे म्हणतात, मनाचा कच्चा! हा त्याच्यावर अन्याय आहे.

झुरक्यातलं निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं आणि सुखावणारं डोपामिन सुटतं. रोज पाहुणे येणाऱ्या घरात अंथरुणं वाढवावीत, तशी मेंदू निकोटीन धरणारी टोकं वाढवत नेतो. बिडी थांबली की ती रिकामी पडतात. रक्तातलं निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, म्हणून दोन-तीन दिवसांत ओढ शिगेला पोचते. जादा टोकं ओसरायला काही आठवडे लागतात.

एकेक तल्लफ मात्र काही मिनिटांचीच. तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसून बोलत राहावं! १९३०च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडला समाजसुधारक गुलाम महाराजांच्या आरतीला जमणाऱ्या हजारो आदिवासींनी दारू सोडली, ती एकमेकांच्या सोबतीनंच. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी आज १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर समुपदेशक मोफत बोलतात.