निळी दिसली म्हणून म्हातारी?

"मॅडम, सापडली म्हातारी!" निळी पेशी दिसली की नवा विद्यार्थी हमखास ओरडतो. मी आधी विचारते, पेशींनी प्लेट किती भरली होती?

विभाजन कायमचं थांबलेल्या, पण न मरता तग धरून राहिलेल्या पेशींना आम्ही वृद्ध म्हणतो. १९६१ साली फिलाडेल्फियात हेफ्लिक आणि मूरहेड यांनी दाखवलं, की माणसाच्या पेशी साधारण पन्नास वेळा दुप्पट होतात आणि थांबतात. हा झाला अख्ख्या फ्लास्कचा हिशेब. आत पाहिलं तर एकाच पेशीच्या दोन लेकींपैकी एक लवकर थांबू शकते, दुसरी आणखी काही काळ वाढत राहते. मायक्रोस्कोपखाली थांबलेली पेशी कडा विसकटलेल्या धिरड्यासारखी पसरलेली दिसते. शरीरातल्या ऊतकात मात्र दाटीत तिला पसरायला जागाच नसते, त्यामुळे नुसत्या आकारावरून ती ओळखू येत नाही.

अशा पेशी ओळखायला निळा रंग १९९५ पासून वापरात आहे. बीटा-गॅलॅक्टोसायडेज हे विकर एरवी पेशीतल्या लायसोसोम या कप्प्याच्या चांगल्याच आम्लात काम करतं. वृद्ध पेशीत त्याचा साठा इतका वाढतो की पीएच ६ लाही रंग चढतो. पण दाटीत वाढलेल्या किंवा उपाशी ठेवलेल्या धडधाकट पेशीही निळ्या होतात. भक्षक पेशींचं तर विचारूच नका.

मग विभाजनाला ब्रेक लावणारं पी-१६ हे प्रथिन बघावं, तर काही पेशी पी-२१ या दुसऱ्याच प्रथिनाच्या जोरावर थांबलेल्या असतात. विभाजित होणाऱ्या पेशीत असणारं केआय-६७ हे प्रथिन नाही म्हणजे पेशी विभाजित होत नाही, एवढंच कळतं. ते तर चेतापेशीतही नसतं. म्हणून तीन-चार खुणा एकत्र जुळल्याशिवाय मी वहीत 'वृद्ध' असं लिहू देत नाही.

हा काटेकोरपणा उगाच नाही. २०११ मध्ये उंदरांमधल्या पी-१६ वाल्या पेशी काढल्यावर वयाचे काही विकार लांबले. मग या पेशी मारणाऱ्या औषधांचा गाजावाजा सुरू झाला. पण २०१४ मध्ये दिसलं, की त्वचेची जखम भरताना अशाच पेशी मदतीला येतात. त्या काढल्या तर जखम सावकाश भरते. २०२० मध्ये आणखी एक धक्का बसला. उंदरांमधल्या पी-१६ वाल्या पेशी बऱ्याच अंशी यकृतातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्याच निघाल्या. त्या काढल्या, तेव्हा त्यांची जागा नव्या पेशींनी घेतली नाही, आणि यकृत तंतुमय होऊ लागलं.