सुट्टी कधी देणार?

सरकारी दवाखान्यात डॉक्टर राउंडला आले की रुग्णाचे नातेवाईक हमखास एकच प्रश्न विचारतात, ‘सुट्टी कधी देणार?’ शहरातल्या खासगी रुग्णालयात या प्रश्नामागे बिलाचा धसका असतो. नंदुरबारच्या वॉर्डात उपचार फुकट असतात, तरी प्रश्न तोच. इथे त्यामागे घरी सोडून आलेली लहान पोरं असतात, शेजाऱ्याच्या भरवशावर ठेवलेल्या शेळ्या असतात आणि रोज बुडणारी मजुरी असते.

रुग्णालयातल्या मुक्कामाचा हिशेब तसा सोपा आहे. महिनाभरात सगळ्या रुग्णांनी मिळून खाटेवर काढलेले दिवस मोजायचे आणि सुट्टी झालेल्यांच्या संख्येने भागायचे. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला ३० दिवसांच्या महिन्यात ९०० खाटदिवस मिळतात. सरासरी मुक्काम ५ दिवसांचा असेल तर १८० रुग्णांची सोय होते. तो ४ दिवसांवर आला तर २२५ जणांची. एकही खाट न वाढवता ४५ माणसे जास्त! म्हणून हा आकडा खाली आणण्याची धडपड जगभर चालते. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने १९८३ मध्ये झालेल्या खर्चानुसार पैसे मोजणे सोडून आजाराच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली आणि तिथले मुक्काम आखडले. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली पॅकेजेही त्याच वळणाची आहेत.

मुक्काम घटण्यामागे नुसता पैसा नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्वी डोके न हलवता दिवसच्या दिवस पडून राहावे लागे. आता सकाळी गेलेले आजोबा संध्याकाळी काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेले दिसतात. क्षयरोगाचे तर आणखी नवल. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग केंद्राने सॅनेटोरियममध्ये ठेवलेले रुग्ण आणि घरी राहून औषध घेणारे रुग्ण यांची तुलना प्रसिद्ध केली. घरचे रुग्णही तितकेच बरे होत होते. महिनोन्‌महिने खाट अडवण्याचे कारणच त्या अभ्यासाने काढून घेतले.

सातपुड्यात मात्र या आकड्याचा अर्थ उलटापालटा होतो. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार दर दहांपैकी जवळपास सात माणसे आदिवासी आहेत. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतले कित्येक पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या वस्त्यांना तर रस्त्यापेक्षा बोट जवळची. अशा पाड्यावरच्या आजाऱ्याला आधी बांबूच्या झोळीतून खाली आणायचे, मग गाडी शोधायची. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद झाला, तेव्हा एक नवरा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन घाट उतरत होता. दवाखाना गाठण्याआधीच तिचा जीव गेला. ती कुठे भरतीच झाली नाही, त्यामुळे मुक्कामाच्या कोणत्याही सरासरीत ती नाही.

जे पोहोचतात, ते बहुधा उशिरा पोहोचतात. तिसऱ्या दिवशी आला असता तर दोन दिवसांत उतरला असता असा न्यूमोनिया आठव्या दिवशी आला की आठवडा खातो. त्यात रेफरची भानगड. रुग्ण ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा रुग्णालयात आणि तिथून नंदुरबारला गेला, तर दोन ठिकाणी त्याची नोंद काही तासांची पडते. तीन रजिस्टरांत तीन वेगवेगळे मुक्काम दिसतात, पण घरच्यांच्या लेखी तो एकच लांबलचक फेरा असतो.

खरी ओढाताण पाहायची तर कुपोषित मुलांच्या पोषण पुनर्वसन केंद्रात. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेलेले, अन्नावरची वासना उडालेले किंवा पायांवर सूज असलेले मूल इथे आईसह दाखल होते. उपाशी शरीराला एकदम भरपेट खाऊ घालणे जिवावर बेतू शकते, म्हणून सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, मोजून मापून दुधाचा पातळ आहार देतात. जंतुसंसर्ग आटोक्यात आला, भूक परतली की आहार वाढवायचा. वजन दाखल झाल्या वेळेपेक्षा १५ टक्के वाढेपर्यंत मुलाला सोडू नये, असे केंद्र सरकारच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. याला साधारण दोन आठवडे लागतात.

पण चौथ्या-पाचव्या दिवशीच मूल हसू लागते, वाटी ओढून घेते. आईला वाटते, झाले बरे. घरी दुसरी दोन पोरे आहेत, निंदणी तोंडावर आली आहे, सासूचा निरोप आला आहे. आईची बुडीत मजुरी सरकार भरून देते. घर कोण सांभाळणार, याची तरतूद मात्र त्या योजनेत नाही. त्यातून आई पावरी किंवा भिलोरी बोलणारी आणि वॉर्डातला कारभार मराठीत. ‘अजून दहा दिवस का?’ याचे उत्तर तिच्या बोलीत देणारे कुणी जवळ नसेल, तर ती सकाळी मुलाला काखोटीला मारून निघून जाते. गंमत म्हणजे, अशा अर्धवट सोडलेल्या उपचारांनी केंद्राचा सरासरी मुक्काम खाली येतो. कागद पाहणाऱ्याला वाटावे, काम झपाट्याने चालले आहे.

बाळंतिणीचेही तसेच. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात साध्या बाळंतपणाला ३ दिवस आणि सिझेरियनला ७ दिवस फुकट जेवण मिळते, घरी सोडायला गाडीही मिळते. अतिरक्तस्रावाचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वाधिक असतो, म्हणून निदान तेवढा वेळ तरी तिने थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी सकाळी बाळंत झालेली बाई संध्याकाळच्या गाडीची चौकशी करते. सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णाचे दुखणे निराळे. सलाइन आणि वेदनाशामकांनी चार दिवसांत कळ थांबते, सुट्टी मिळते. पण उन्हातली अंगमेहनत आणि अपुरे पाणी घरी वाट पाहत असतेच, आणि दोन महिन्यांनी तोच पोरगा त्याच वॉर्डात परत येतो. रोज हायड्रॉक्सियुरिया घेतले तर असे झटके कमी होतात, पण त्या गोळ्या पाड्यापर्यंत नियमित पोहोचायला हव्यात.

सुट्टी देताना डॉक्टर रोगाबरोबर घरही जोखतात, ते याचसाठी. पाड्यापासून आरोग्य केंद्र दोन तासांच्या चालीवर असेल, तर शहरात तिसऱ्या दिवशी घरी धाडला असता असा रुग्णही एखादा समंजस डॉक्टर आणखी दोन दिवस ठेवून घेतो. हिशेबात हे दोन दिवस वाया गेलेले दिसतात.

पोषण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या कार्डावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा असतात, दर पंधरा दिवसांनी एक, अशा चार. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघतात. बारडोली, सुरत भागातल्या फडांवर बिऱ्हाडे पडतात आणि ते मूलही उसाच्या पाचटावर झोपते. तिसऱ्या तारखेला आशाताई पाड्यावर जाते, तेव्हा दाराला कडी असते.