प्रमुख धर्मगुरू आणि सहाय्यक धर्मगुरू : मतभेद झाल्यास मार्ग कोणता?

नागपूर धर्मप्रांतातून वेगळा होऊन १९५५ साली अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला. त्याचा विस्तार मोठा, परंतु कॅथोलिक भाविक संख्येने थोडे आणि दूरदूरच्या गावांत विखुरलेले. अमरावती किंवा अकोला जिल्ह्यातील ग्रामीण धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू आणि त्यांचे सहाय्यक असे दोघेच असले, तर साऱ्या भाविकांची आध्यात्मिक काळजी त्या दोघांवरच असते. अशा ठिकाणी दोघांचे पटेनासे झाले, तर त्याची झळ प्रत्येक कुटुंबाला लागते. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

मतभेदाचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. तरुण सहाय्यक धर्मगुरूंच्या मनात सुवार्ताप्रसाराची तळमळ असते. कापूस वेचणीहून मजूर घरी परतल्यावर रात्री गावोगावी प्रार्थनासभा घ्याव्यात, आजाऱ्यांसाठी प्रार्थना करावी, शेजारच्या अख्रिस्ती बांधवांनाही प्रभूची ओळख व्हावी, असे त्यांना वाटते. प्रमुख धर्मगुरूंपुढे शाळा, वसतिगृह, संस्कारांची तयारी, हिशेब आणि गावाशी वर्षानुवर्षे जपलेले संबंध असतात. सभेला गर्दी जमेल, पण नंतर त्या लोकांना धर्मशिक्षण कोण देणार, हा त्यांचा प्रश्न असतो. दोघांचीही कळकळ खरी असते, आणि म्हणूनच वाद मिटणे अवघड जाते.

ख्रिस्तसभेला असे वाद नवे नाहीत. मार्काला बरोबर न्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतकी तीव्र वादावादी झाली की ते एकमेकांपासून वेगळे झाले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात हे न लपविता सांगितले आहे. पुढे मात्र पौलानेच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मार्क आपणास सेवेसाठी उपयोगी असल्याचे कळविले.

१९८३ च्या धर्मविधानात (कॅनन लॉ) या दोघांच्या नात्याविषयी स्पष्ट नियम आहेत. प्रमुख धर्मगुरू बिशपांच्या अधिकाराखाली धर्मग्रामाचे पालक असतात (नियम ५१९). सहाय्यक धर्मगुरू हे त्यांच्या चिंतेचे वाटेकरी व सहकारी असून, त्यांनी प्रमुखांच्या अधिकाराखाली परंतु एकविचाराने सेवा करावयाची असते (नियम ५४५). त्यांची नेमणूक बिशप करतात, म्हणून ते प्रमुखांचे नोकर नव्हेत. त्याचबरोबर धर्मग्रामात स्वतंत्र कार्यक्षेत्र उभारण्याची मुभाही त्यांना नाही.

यातील सर्वांत उपयुक्त तरतूद नियम ५४८ मध्ये आहे. सहाय्यक धर्मगुरूंनी हाती घेतलेल्या आणि योजलेल्या उपक्रमांची माहिती प्रमुखांना नियमितपणे द्यावी, म्हणजे दोघे मिळून धर्मग्रामाची काळजी वाहू शकतील, असे तो सांगतो. ‘योजलेल्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सभा झाल्यावर कळविणे पुरेसे नाही. ती ठरण्यापूर्वी बोलणे झाले पाहिजे. नियम ५५० नुसार धर्मगुरूनिवासात दोघांचे काही प्रमाणात सहजीवन असावे, याकडेही लक्ष द्यावयाचे असते. एका मेजावर जेवणाऱ्यांना एकमेकांचे बेत परक्या तोंडून ऐकावे लागत नाहीत.

रोगमुक्तीसाठीच्या प्रार्थनांविषयी रोमहून १४ सप्टेंबर २००० रोजी स्वतंत्र सूचना देण्यात आली. आजाऱ्यांसाठी प्रार्थना करणे योग्यच आहे, हे ती मान्य करते. मात्र अशा मुक्त प्रार्थनासभा आणि अधिकृत उपासना यांची सरमिसळ होऊ नये, उपासनाविधीच्या स्वरूपातील रोगमुक्तीच्या प्रार्थनेसाठी स्पष्ट परवानगी असावी आणि भावनांचा उन्माद किंवा नाटकीपणा टाळावा, असे ती बजावते. म्हणजे सहाय्यकांच्या तळमळीला येथे जागा आहे आणि प्रमुखांच्या सावधगिरीलाही आधार आहे.

बोलणे थांबले किंवा विचार जुळलेच नाहीत तर काय होते, याचे एक जवळचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक कॅथोलिक नव्हते, आणि त्यांचा मतभेद एका व्यक्तीशी नसून अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यपद्धतीशी होता. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांना १९०४ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. भजन-कीर्तनातून ख्रिस्त लोकांपर्यंत न्यावा आणि येथील ख्रिस्ती समाजाने परदेशी मिशनऱ्यांवर विसंबून राहू नये, हा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. परंतु त्याला स्थैर्य लाभण्यापूर्वीच, ९ मे १९१९ रोजी, ते निवर्तले. त्यांची भजने आजही गायिली जातात; दरबार मात्र टिकला नाही. नव्या कल्पनेला संस्थेचा आधार आणि संस्थेला नव्या कल्पनेची ऊब, दोन्ही गरजेचे असते.

याउलट उदाहरण फ्रान्समधील एक्युली येथील आहे. १८१५ मध्ये गुरुदीक्षा मिळालेले संत जॉन मेरी वियानी तेथे फादर बाले यांचे सहाय्यक होते. दोघेही कठोर तपस्वी. उपासतापासात दुसरा अतिरेक करतो, अशी तक्रार दोघांनीही वरिष्ठांकडे केल्याची आठवण सांगितली जाते. तक्रारीमागे एकमेकांची काळजी होती, म्हणून नाते तुटले नाही. १८१७ मध्ये फादर बाले यांच्या निधनापर्यंत वियानी त्यांच्याजवळच राहिले. पुढे तेच सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत ठरले.

मग भाविकांनी काय करावे? पहिली गोष्ट, गट पाडू नयेत. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे म्हणणाऱ्या करिंथकरांना पौलाने खडसावले होते. एका फादरांचे बोलणे दुसऱ्या फादरांच्या कानी घालणे ही सेवा नव्हे. दुसरी गोष्ट, गप्पही बसू नये. आपले मत आदराने पाळकांपुढे मांडण्याचा हक्क, आणि प्रसंगी कर्तव्यही, नियम २१२ भाविकांना देतो. धर्मग्राम परिषद ही त्यासाठी योग्य जागा आहे. तेथे मार्ग निघाला नाही, तर अडचणीतील धर्मगुरूंना आधार मिळावा हे पाहणे डीन यांचे काम आहे, आणि अखेरचा निर्णय बिशपांचा.

वऱ्हाडातील लहानशा वस्तीत रविवारी मिस्साबली व्हावा आणि बुधवारी प्रार्थनासभाही भरावी, अशी भाविकांची अपेक्षा असेल, तर ती रास्त आहे. दोन्ही गोष्टी साधायच्या तर दोन्ही धर्मगुरूंनी आठवड्याचा बेत एकत्र बसून आखला पाहिजे. तशी सुबुद्धी त्यांना लाभावी म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या सायंप्रार्थनेत दोघांचीही नावे एकत्र घ्यावीत.