चामड्याच्या बाहुल्या

बाहुली म्हटली की आपल्याला चिंध्यांची नाहीतर लाकडाची ठकी आठवते. (माझ्या वर्गातल्या मुलींना फक्त प्लास्टिकची!) पण चामड्याची? अमेरिकेतल्या सू जमातीच्या बायका हरणाच्या मऊ कातड्याची बाहुली शिवत, तिला साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांनी आणि मण्यांनी नटवत. लेकीचा खेळ व्हायचा अन् शिवणाचं वळणही लागायचं.

आपल्या कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर मंडळींच्या चामड्याच्या बाहुल्या आहेत. मात्र त्या खेळण्यातल्या नव्हेत. कातडं तासून पातळ करायचं, राम-रावण कापायचे, बारीक भोकं पाडायची, रंग भरायचे. पांढऱ्या पडद्यामागे दिवा लागला की सावल्या रामायण सांगू लागतात. भोकांतून झिरपणारा उजेड म्हणजे त्यांचे दागिनेच म्हणा ना!

सिनेमा-टीव्हीपुढे यावर पोट भरेना. तरी परशुराम गंगावणे यांनी बाहुल्या टाकल्या नाहीत. २००६ साली घरच्या गोठ्यातच संग्रहालय मांडलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या अँटॉप हिलच्या कितीतरी शेजारणी मे महिन्यात कुडाळला उतरतात. तिथून पिंगुळी अगदी जवळ. मुलांना जरूर न्या. खेळ बघायचा तर आधी कळवून जा, आणि बिदागी देताना हात आखडू नका.